बोलून झाल्यावर

भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात मी तीन वीजमीटर एका रास्पबेरी पायला जोडले होते. कोणतं मशीन किती वीज खातं, हे मालकांना मोबाइलवर पाहायचं होतं. दोन जुने मीटर नीट उत्तर द्यायचे. तिसरा, नवाकोरा, गप्प. मी मालकांना सांगून टाकलं, "मीटर खराब आहे, नाहीतर वायरिंग." ज्या वायरमनने तो बसवला, त्याचे पैसे अडकले.

चूक माझी होती, हे कळायला आठ दिवस गेले.

तिन्ही मीटर आरएस-४८५ पद्धतीने तारांच्या एकाच जोडीवर होते. अशा तारेवर एका वेळी एकानेच बोलायचं. पायला बोलायचं असेल तेव्हा एक पिन चालू करायची, बोलून झालं की बंद. माझ्या जोडणीत ती पिन चालू असेपर्यंत पायचे कानही बंद असायचे.

सुरुवातीला मी पिन लगेच सोडत होतो. प्रोग्रॅममधली 'लिही' ही आज्ञा क्षणात पूर्ण होते, पण तेव्हा बाइट तारेवर गेलेले नसतात. लिनक्सच्या बफरमध्ये रांगेत असतात. ९६०० बॉडला आठ बाइट जायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्याआधीच पिन सुटली की माझा प्रश्न अर्ध्यात तुटायचा, आणि तुटका प्रश्न ऐकून मीटर गप्प बसतो. म्हणून मी ५० मिलिसेकंद थांबायचं ठरवलं. जुने मीटर त्याहून सावकाश होते, त्यांना चाललं. मोडबसच्या नियमाने साडेतीन अक्षरांइतकी शांतता झाली की प्रश्न संपला. ९६०० बॉडला ती जेमतेम चार मिलिसेकंदांची. नवा मीटर चपळ होता. माझे ५० संपायच्या आत तो उत्तर देऊन मोकळा व्हायचा, आणि मी तार धरून, कान बंद करून उभा.

म्हणजे तो गप्प नव्हताच. त्याची शांतता मी तयार केली आणि मग तीच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली. तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही: समोरचा गप्प आहे, असं म्हणायचा अधिकार मला नेमका कधी मिळतो?

१९७९ साली आलेल्या मोडबसमध्ये विचारणाऱ्याला मास्टर आणि उत्तर देणाऱ्याला स्लेव्ह म्हणत. २०२० मध्ये ती नावं बदलून क्लायंट आणि सर्व्हर केली. चांगलं झालं. पण नियम तोच राहिला: विचारल्याशिवाय मीटरने बोलायचं नाही. "तुम्ही तार धरून बसलायत," हे सांगायची त्याला सोयच नाही. म्हणून ज्याच्या हातात पिन, जबाबदारी त्याची जास्त.

इथून जवळच उत्तनला मच्छीमार बोटी आहेत. समुद्रातल्या व्हीएचएफ संचाचंही हेच: बटण दाबलं की बोलता येतं, सोडलं की ऐकता येतं. चॅनल १६ संकटाच्या हाकेसाठी असतो. तिथे कुणाचं बटण चुकून दाबलेलं राहिलं, तर आसपासच्या बोटींना दुसऱ्याची हाक ऐकू येणं कठीण. आणि ज्याचं बटण अडकलंय त्याला संचावर काहीच ऐकू येत नाही. त्याला वाटतं, समुद्र शांत आहे.

यावर 'कमी बोला' हा उपाय नाही. लवकर हात काढला तर आपला प्रश्नच पोचत नाही. उशिरा काढला तर उत्तर मरतं. आता मी अंदाजाने थांबत नाही. शेवटचा बिट खरंच बाहेर पडला का, हे सीरिअल चिपलाच विचारतो आणि त्याच क्षणी पिन सोडतो. तिसरा मीटर पहिल्याच फटक्यात बोलला.

मालकांना खरं काय ते सांगितलं. वायरमनचे पैसे मिळाले. मी त्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, मी त्याच दिवशी सांगत होतो, वायरिंग बरोबर आहे म्हणून."

सांगत असणार. मी तेव्हा बोलत होतो.