चाव्या ज्याच्याकडे

भिंतीला पाठ टेकवू नका. सूचना ध्यानासाठी नाही, भिंतीसाठी आहे. माती आहे ती. रोजच्या पाठी लागून लागून कमरेच्या उंचीवर गुळगुळीत होते, मग एक दिवस पोपडा सुटतो.

मनाने सेवाग्रामला या. वर्धा शहरापासून आठेक किलोमीटर. बापूकुटीत, चटईवर, जमेल तशी मांडी घाला. दुपार टळली आहे, शेवटचे पाहुणे निघायच्या बेतात आहेत. चपला बाहेर राहिल्या. डोळे मिटायची घाई नको, आजचं मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे.

आपल्याला एका माणसाच्या जागी बसायचं आहे. प्रत्येक संग्रहालयात असा कुणीतरी असतो. चित्रं त्याने काढलेली नसतात, निवडलेली नसतात. उद्घाटनाच्या फोटोत तो नसतो, असला तर कडेला, लोंबणारी वायर बघत. गळकं छप्पर, तुंबलेली मोरी, रात्रपाळीचा रखवालदार, आग विझवायच्या सिलिंडरची मुदत, चोर: सगळं त्याच्याच वहीत. मोठ्या शहरातल्या कलासंग्रहालयात त्याच्या हाताखाली शेकड्याने माणसं असतील, कॅमेऱ्यांच्या पडद्यांनी भरलेली खोली असेल. इथे मातीची कुटी आहे. काळजी तीच.

तुमच्याकडे संग्रहालय नसेल. घर असेल, दुकान असेल, आईचे चार दागिने असतील. तेवढं पुरे.

एक श्वास सावकाश घ्या. वास कशाचा आला? शेणाचा, मातीचा, जुन्या लाकडाचा. पायाखालची जमीन सारवलेली आहे. आता तिच्याकडेच बघत राहा. सारवताना हात अर्धगोल फिरतो, त्याचे ओघळ कडेला दिसतात का बघा. ते कालचे असतील किंवा परवाचे, 1936 चे नक्कीच नाहीत. गांधीजी 1936 मध्ये या गावात राहायला आले, तेव्हा गाव शेगाव होतं. बुलढाण्याकडच्या शेगावात टपाल जाऊ लागल्यावर 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. ही कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी उभी राहिली, भिंतीवरची ताडाची झाडं आणि चरखा त्यांच्याच हातची. पण ज्या जमिनीवर तुम्ही बसला आहात तिचा वरचा थर दर काही दिवसांनी नवा होतो.

इथे जरा रेंगाळू, कारण चावीवाल्या माणसाचं निम्मं आयुष्य इथेच जातं.

संग्रहालयाचा साधा नियम असा की वस्तूला हात लावायचा नाही, आली तशी ठेवायची. त्यासाठी यंत्रं चालवून हवा मोजून मापून थंड ठेवतात. मातीच्या घराला हा नियम लावला तर दोन पावसाळ्यांत घर जमिनीला मिळेल. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आसपासच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग मृग. त्याआधी छपरावर चढायचं, फुटके कवेलू काढायचे, सरकलेले बसवायचे, माकडांनी केलेली नासधूस मोजायची. बांबूला उधई लागली आहे का, हे नखाने टोकरून बघायचं. पोकळ वाजला की बदलायचा. भिंतीला भेग दिसली की माती कालवायची. असं दरवर्षी. म्हणजे जे घर आपण ‘जसंच्या तसं’ म्हणून बघायला येतो, ते न थकता बदलत राहिल्यामुळे उभं आहे. ज्यांनी बदललं त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत, आणि त्यांना त्याचं फारसं वाईट वाटत असेल असंही मला वाटत नाही. छप्पर गळलं नाही हीच त्यांची पावती, आणि न गळलेल्या छपराकडे कुणी मान वर करून बघत नाही.

तुम्ही बघा. मान वर करा. कवेलूंच्या फटीतून उजेडाचा एखादा कवडसा येतोय का? येत असेल तर मनातल्या वहीत लिहून ठेवा.

आता नजर खाली आणा, वस्तूंवर. काठी. चरखा. तीन माकडं. बसायची जागा, लिहायचं छोटं डेस्क. एकेकीपाशी थांबा, नाव घ्या, पुढे जा. घाई झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

मोजणी झाली? आता न दिसणाऱ्या वस्तूकडे बघायचं आहे. हे अवघड आहे.

2011 च्या जूनमध्ये बातमी आली की सेवाग्राम आश्रमातला गांधीजींचा चष्मा चोरीला गेला. त्याहून बोचरा भाग पुढे होता: तो काही महिन्यांपूर्वीच गेला होता. मधल्या काळात माणसं येत होती, हात जोडत होती, प्रार्थना होत होती. दोष कुणाचा, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. फक्त त्या रिकाम्या जागेकडे बघा. असलेली वस्तू डोळ्यांना दिसते, नसलेली कशी दिसावी? ती दिसायला वस्तू आधी इतकी पाठ असावी लागते की ती नसली तर जेवणात मीठ नसल्यासारखं व्हावं.

पॅरिसच्या लुव्रमध्ये 1911 साली मोनालिसा गेली ती एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना. मंगळवारी सकाळी भिंतीवरची जागा मोकळी होती. ती दिसली नाही असं नाही, दिसली. पण रखवालदाराला वाटलं, फोटो काढायला नेलं असेल. एवढंच. दोन वर्षांनी चित्र फ्लॉरेन्समध्ये सापडलं, तोवर लोक रांगा लावून ती मोकळी भिंत बघून गेले. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक गेलं 2004 मध्ये. कॅमेरे, गजर, कुलपं सगळं हवं, त्यात वाद नाही. पण ‘फोटो काढायला नेलं असेल’ हे वाक्य जिथे तयार होतं, तिथे कॅमेरा पोचत नाही.

तुमचं असं वाक्य कुठलं? रोज ज्या फटीकडे बघून तुम्ही ते मनाशी म्हणता आणि पुढे निघता? उत्तर देऊ नका. वाक्य आठवू द्या आणि राहू द्या.

जरा बसण्याची बाजू बदला, पायाला मुंग्या आल्या असतील.

आता पेच. ज्याच्या वस्तू राखायच्या, त्या माणसाने 1909 मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर, ‘हिंद स्वराज’ लिहिलं. त्यात चोराचा दाखला आहे. घरात चोर शिरला तर काय करावं? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की त्याला अडाणी भाऊ समजा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, झोपायची जागा बदला आणि आपल्या वस्तू त्याच्या हाताला लागतील अशा ठेवा. सुरक्षा अधिकाऱ्याच्या मुलाखतीत हे उत्तर दिलं तर नोकरी मिळणार नाही. आणि 1947 मध्ये रेल्वेच्या प्रवासात त्यांचं घड्याळ खरोखरच चोरीला गेलं. काही महिन्यांनी चोराने येऊन ते परत केलं आणि माफी मागितली, असं सांगतात.

चष्मा मात्र असा परत आला नाही. मग पुस्तकाचं खरं की कुलपाचं? मला वाटतं, घरधनी स्वतःची वस्तू उघड्यावर ठेवू शकतो. चावीवाल्याला ती मोकळीक नाही, कारण वस्तू त्याची नाही. दार उघडं ठेवण्याचं औदार्य त्याने दुसऱ्याच्या वस्तूवर दाखवायचं नसतं. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय आहे, असंग्रह आहे. कंबरेला सगळ्या चाव्या आणि मालकीचं काहीच नाही, असा माणूस असंग्रहाच्या जितका जवळ असतो तितके आपण सहसा नसतो. विश्वस्त हा गांधींचा लाडका शब्द. श्रीमंतांनी तो फारसा मनावर घेतला नाही. रात्रपाळीवाल्याला तो पाळावाच लागतो.

बाकी बाजाराचं आपलं चालू असतं. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा एक चष्मा, चपला, घड्याळ, ताट-वाटी अठरा लाख डॉलरला गेली. 2020 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लिलावघराच्या पत्रपेटीत कुणीतरी त्यांचा दुसरा एक चष्मा साध्या पाकिटात टाकून गेलं. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत ते पाकीट पेटीतून अर्धवट बाहेर लोंबत होतं, कुणी नेलं नाही, आणि पुढे चष्म्याला दोन लाख साठ हजार पाउंड आले. चावीवाल्याने यावर हसावं की घाम पुसावा, त्याने ठरवावं.

आता उठा. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आश्रमात आणखी एक वस्तू बघायची आहे आणि ती माझी सगळ्यांत आवडती आहे: सापाचा पिंजरा आणि लाकडी चिमटा. शेगावात साप फार. आश्रमाचा शिरस्ता असा की साप चिमट्यात धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब रानात सोडून द्यायचा. आश्रमाची सुरक्षा व्यवस्था म्हणायची तर ही. व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोनही तिथेच आहे, पण त्यापुढे फार वेळ घालवू नका.

चिमट्याचा विचार करा. घट्ट धरला तर साप चिरडतो, सैल धरला तर सुटतो. धरणाऱ्याला भीती वाटत नसेल असं नाही. पण भीतीने हात आवळला की काम बिघडलं. व्रतांत भयवर्जनही आहे, आणि ते शिकायला या लाकडापेक्षा सोपी पाटी मला माहीत नाही. तुमच्या मनात आत्ता एखादी काळजी वळवळत असेल. घरी गॅस बंद केला का. गाडीची काच वर केली का. ती मारू नका. तशाच बेताने धरा. किती जड आहे? कुठून आली? बघून झालं की पिंजऱ्यात ठेवा, रान जवळच आहे.

इथून पवनारही फार लांब नाही. धाम नदीकाठच्या विनोबांच्या आश्रमात जमीन खोदताना दगडी शिल्पं निघाली. वाकाटकांच्या काळची, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. भरत-राम भेटीची मूर्ती त्यातलीच. तेवढी शतकं त्यांना ना कुलूप होतं ना पहारेकरी. काळ्या मातीने राखली. तिची रखवाली चोख, फक्त दाखवायला कुणाला काढत नव्हती. दाखवायचं आणि राखायचंही, ही अडचण माणसाने ओढवून घेतलेली.

परत कुटीत या. ऊन कलंडलं आहे. शेवटचं कुटुंब बाहेर पडतंय, लहान मुलाला दुसरी चप्पल सापडत नाहीये. थांबा, त्याला सापडू द्या. त्याच्यावर दार लावायची घाई करू नका.

आता फेरी. पुन्हा एकेक नाव घ्या. काठी, आहे. चरखा, आहे. माकडं, तीन. डेस्क. चष्म्याच्या ठिकाणी नजर तेवढाच वेळ ठेवा जेवढा बाकीच्यांपाशी ठेवलीत, कमी नको. भिंतीवर ताडाच्या झाडाखाली एक नवी रेघ दिसते, केसाएवढी. बोट लावून बघा. माती बोटाला लागली?

वहीत लिहा: पश्चिमेची भिंत, भेग, सकाळी माती कालवणे. बाहेर मोकळ्या मैदानावर प्रार्थनेला माणसं जमताहेत. तिथे भिंत नाही, दार नाही. कडी सरकवा, कुलूप घाला, आणि एकदा ओढून बघा.