आरक्षित जमीन आणि दिलेला शब्द

शहराच्या विकास आराखड्याचा विषय निघाला की ज्याच्या नावावर जमीन आहे, तो ती आरक्षणात गेली की सुटली एवढेच पाहतो. ज्याच्या नावावर काही नाही, तो हा विषय आपला नव्हे असे समजून पान उलटतो. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. परंतु आराखडा म्हणजे केवळ अभियंत्यांचे व वकिलांचे प्रकरण नव्हे. नकाशावरील एखाद्या तुकड्यात हिरवा रंग भरून त्यावर ‘क्रीडांगण’ असे लिहिले जाते, तेव्हा त्या वस्तीत अजून जन्माला न आलेल्या मुलांना शब्द दिलेला असतो. त्याच क्षणी जमीनमालकालाही सांगितलेले असते की, तू येथे बांधू नकोस, आम्ही ही जमीन योग्य मोबदला देऊन घेऊ. वीस वर्षांनी आराखडा सुधारण्याची वेळ येते तेव्हा या न पाळलेल्या शब्दांचे काय करायचे, हा प्रश्न नगररचनेचा जितका, तितकाच नीतीचा आहे.

महाराष्ट्रात हे सारे १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार चालते. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ साली तयार झाला व १९६७ साली मंजूर झाला. दुसरा १९८१ ते २००१ या वीस वर्षांसाठी होता. त्याला टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळाली ती १९९१ ते १९९४ या काळात. म्हणजे वीस वर्षांच्या वचनातील तेरा वर्षे ते वचन उच्चारण्यातच गेली! तिसरा आराखडा २०३४ पर्यंतचा. तो २०१८ साली मंजूर झाला. या अर्धशतकात आरक्षित जमिनींपैकी फार मोठा भाग कधी ताब्यातच घेतला गेला नाही. पैसा नव्हता, इच्छा नव्हती, आणि बहुतेक वेळा दोन्ही नव्हते.

अशा एखाद्या जमिनीची कल्पना करून पाहावी. कागदावर ती मैदान आहे. मालक तिच्यावर काही बांधू शकत नाही आणि तिचा मोबदलाही त्याच्या हाती पडलेला नाही. दरम्यान तेथे झोपड्या उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ होती आणि दहातील चार माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांना कामाला बोलावणाऱ्या शहराने त्यांच्या घरासाठी नकाशावर पुरेशी जागा ठेवली नाही. मग जी जागा मोकळी दिसली तेथे ती राहिली. आता मुलगा मैदान मागतो, झोपडीतील कुटुंब घर मागते आणि मालक आपली मालमत्ता मागतो. तिघांचेही मागणे न्याय्य आहे. बरे, त्या मुलाचे घर बहुधा त्याच झोपडपट्टीत असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

कायद्याने मालकाची थोडीफार काळजी घेतली आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर त्याला नोटीस देता येते. त्यानंतर दोन वर्षांतही काही पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण रद्द होते. मुलाला मात्र अशी नोटीस देता येत नाही. त्याचा शब्द मोडला तर कोणत्या कलमाखाली जाब विचारावा, याचे उत्तर नाही. झोपडीवासीयाबाबत मुंबईच्या २०३४ च्या नियमावलीने तोडगा काढला तो असा: पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या, परंतु झोपड्यांनी व्यापलेल्या आरक्षित मोकळ्या जागेवर पुनर्वसनाच्या इमारती बांधाव्यात व किमान ३५ टक्के जमीन मोकळी ठेवावी. या धोरणाविरुद्धचा वाद दोन दशकांहून अधिक काळ न्यायालयात होता. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही निर्देश देऊन हा नियम वैध ठरविला.

न्यायालयाचा निर्णय आम्ही मानतो. परंतु वैध आणि न्याय्य यांत जे अंतर उरते, त्याविषयी बोलायला हरकत नसावी. माणसाला छप्पर आधी, मैदान नंतर, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याला उद्यानाचे महत्त्व पटवीत बसणे हा क्रूरपणाच ठरेल. प्रश्न असा आहे की, घराची किंमत मैदानाने का भरावी? गरिबाच्या घराचा आणि गरिबाच्याच मुलाच्या खेळाचा तंटा लावून दिला जातो, आणि ज्यांनी ती किंमत भरायला हवी होती, ती सरकारी तिजोरी आणि मोठे जमीनदार, यांच्यापर्यंत तो तंटा पोहोचतच नाही. शिवाय पूर्वीपेक्षा अधिक कुटुंबे, आणि मैदान एक तृतीयांश. एवढ्या मुलांनी तेथे खेळावे कसे, हे नियमावली सांगत नाही.

नकाशावर जे नसते ते आराखड्याच्या दृष्टीने नसतेच, हेही मुंबईकरांनी अनुभवले आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात राहत्या इमारतींवरून रस्ते गेले होते. प्रार्थनास्थळे व वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. गावठाणांच्या व कोळीवाड्यांच्या सीमा यथार्थ दाखवाव्यात, ही मागणी त्या काळात जोराने पुढे आली. वाटेवरच्या क्रुसाला पिढ्यान्‌पिढ्या मेणबत्त्या लावणाऱ्या कुटुंबांना आपण येथे आहोत याचा पुरावा द्यावा लागला. ज्यांना नकाशा वाचता येत होता ते हरकत नोंदवू शकले. ज्यांना येत नव्हता त्यांची हरकत कोण नोंदविणार होते?

वसईकडे वळले की हाच प्रश्न आमच्या वाचकांच्या अंगणात येतो. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० साली सिडकोची नेमणूक झाली. तिने केलेला २००१ ते २०२१ चा आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडले, आणि महानगरपालिका तर २००९ साली आली. आता त्या आराखड्याची मुदतही सरली आहे. हिरवा पट्टा राखावा, असे येथे सभेसभेतून म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. वाड्या, विहिरी आणि बावखले गेली तर गोडे पाणीही जाईल. पण केळीची बाग राखणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय देतो? त्याने विकू नये, बांधू नये, तोट्यात का होईना वाडी शिंपत राहावे, आणि त्या हिरवाईची हवा साऱ्या शहराने घ्यावी. विरारच्या लोकलला लोंबकळून कामावर जाणाऱ्यालाही कुठे तरी राहायचे आहेच. त्यागाचा हा भार एका गटावर टाकून बाकीच्यांनी पर्यावरणाची भाषा बोलणे सोपे असते.

म्हणून आराखडा सुधारताना आमचे मागणे साधे आहे. नवा नकाशा टांगण्याआधी जुन्या नकाशाचा हिशेब प्रभागवार, मराठीत, लोकांसमोर मांडला जावा: कोणते आरक्षण होते, किती जमीन ताब्यात आली, कोणते रद्द झाले व कोणत्या कारणाने. आणि जे मैदान वगळले, त्याच्या मोबदल्यात त्याच प्रभागात, लहान मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर दुसरी कोणती जागा दिली, तिचा सर्व्हे क्रमांकही त्याच ओळीत असावा. ती जागा दाखविता येत नसेल, तर तो रकाना कोरा सोडावा. मात्र त्यासमोर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची सही असावी.