झेंड्याची अदब

अदब हा शब्द आपल्या घरात रोजचा आहे. वडीलधाऱ्यांची अदब, उस्तादांची अदब, मजलिसीची अदब. राष्ट्रध्वजाचीही एक अदब आहे आणि ती नियमांत बांधलेली आहे. पण नियम पाळले की अदब राखली असे म्हणता येईल का? आणि अदब कोणाला तरी दाखवण्यासाठी असते का? आपल्या समाजाने शांतपणे विचार करावा असे हे प्रश्न आहेत. कारण झेंड्याचा विषय निघाला की आपण बहुधा दुसऱ्याच्या नजरेचा विचार आधी करतो.

प्रथम नियमांकडे पाहू. संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. त्यानंतर कित्येक वर्षे सामान्य नागरिकाला तो ठराविक दिवसांखेरीज आपल्या घरावर लावता येत नव्हता. 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि ही मुभा मिळाली. 2004 साली नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सन्मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मात्र त्याला मर्यादा आहेत. केशरी पट्टा वर असावा. भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यावा. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असावे. ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश, अदबीने उतरवावा. तो जमिनीला टेकू नये, त्यावर काही लिहू नये, फाटका वा मळका ध्वज लावू नये.

यांतले काही नियम पुढे बदलले. पूर्वी उघड्यावरचा ध्वज सूर्यास्ताला उतरवावा लागे. जुलै 2022 पासून नागरिकाला तो रात्रीही ठेवता येतो. पूर्वी कापड हाताने कातलेले व विणलेलेच लागे. डिसेंबर 2021 मध्ये यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. नांदेडला खादीचा राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या कारागिरांना हा बदल सोसणारा आहे का, हा वेगळा विषय. येथे मुद्दा एवढाच की नियम बदलतात. तेव्हा अदबीचे मूळ नियमाच्या खाली कुठे तरी असले पाहिजे.

ते कुठे आहे, याचा पत्ता संहितेतल्या एका नियमात लागतो. ध्वज जीर्ण झाला की तो संपूर्णपणे, एकांतात नष्ट करावा. शक्यतो जाळून, किंवा त्याच्या प्रतिष्ठेला शोभेल अशा अन्य रीतीने. आता 1971 चा राष्ट्रप्रतिष्ठा कायदा पाहा. लोकांसमोर ध्वज जाळणे हा त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आग तीच, कापड तेच. एक अपमान आहे आणि दुसरा सन्मान आहे. फरक नियतीचा आहे, आणि सन्मानाच्या या कामाला प्रेक्षक नको, असे संहिताच सांगते.

आमचे पेठ घाटमाथ्यावरचे, धो धो पावसाचे गाव. 15 ऑगस्ट कोरडा गेला तर नवल. परचम कुशाई आटोपते, जिलेबी वाटली जाते, आणि दुसऱ्या दिवशी कागदी झेंडे चिखलात दिसतात. कागदी झेंडेही जमिनीवर टाकू नयेत, तेही एकांतातच नष्ट करावेत, असा नियम आहे. वर्गात हे सांगत असताना एका मुलीने विचारले, "सर, कोणी बघतच नसेल तर अदब कशाची?" मी तिलाच विचारले, "सिपाऱ्याची फाटलेली पाने तुझी दादी काय करते?" ती म्हणाली, "पाक कपड्यात बांधून दफन करायला देते." "ते कोण बघते?" मुलगी गप्प झाली आणि वर्गाला उत्तर मिळाले.

येथे गैरसमज नको. कलामे-पाक आणि कापडाचा झेंडा यांची बरोबरी कोणी करत नाही. इबादत एकाचीच. पण अदब इबादत नव्हे. आईची, उस्तादांची, कब्रस्तानाची अदब आपण राखतोच. झेंडा ही अमानत आहे, आणि अमानत सांभाळायला आपल्याला शिकवलेले आहे.

झेंडा दाखवण्यालाही मोल असते, हे नाकारून चालणार नाही. 1930 साली सोलापूरच्या नगरपालिकेवर चरख्याचा झेंडा चढला. मे महिन्यात तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि झेंडा मिरवणे हाच गुन्हा ठरला. त्याच सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि पत्रकार कुर्बान हुसेन 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. त्या दिवसांत झेंडा हाती धरायला किंमत पडत होती, म्हणून दाखवणे हीच साक्ष होती.

आज झेंडा लावायला काही पडत नाही. मग केवळ लावण्यावरून कोणाची निष्ठा कशी मोजणार? 2022 च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली. आनंदाने लावणारे आपल्या मोहल्ल्यातही पुष्कळ होते. काहींनी मात्र, न लावला तर लोक काय म्हणतील, या धास्तीने लावला. न्यायालयाने ज्याला हक्क म्हटले त्याची हजेरी घेतली जाऊ लागली, तर तो हक्क उरत नाही. आणि भीतीपोटी केलेली अदब म्हणजे दिखावाच. आपल्या भाषेत रिया. शेजाऱ्याच्या छपराकडे बोट दाखवणाऱ्याने आधी आपल्या दारातल्या गटारात काय पडले आहे, ते पाहावे.

आपणही धास्ती सोडावी. मनात असेल तर झेंडा जरूर लावावा, केशरी वर ठेवून नीट लावावा. पण 16 ऑगस्टच्या सकाळी मुलांना घेऊन गल्लीत एक फेरी मारावी आणि चिखलातले कागदी झेंडे वेचून आणावेत. त्याचा फोटो काढू नये. मुले विचारतील, कोणाला दाखवायचे? त्यांना सांगावे, कोणालाच नाही.