कँडिड म्हणे!

बस खाली. कॅमेरा टेबलावर ठेव. त्याला कुरवाळू नकोस, त्याची काही चूक नाही.

काल रात्री तुझे सहाशे चाळीस फोटो बघितले. एकेक करून. दीड वाजला मला. अकरा माणसं, तीन पिढ्या. आजींचं सहस्रचंद्रदर्शन, म्हणून लेक ह्यूस्टनहून आलेली, थोरला बंगळुरूहून. आणि सहाशे चाळीस फोटोंत आजींचे डोळे किती फोटोंत दिसतात? मोजलेस? मी मोजले. एकातही नाही.

उन्हात काळ्या पडणाऱ्या काचांचा चष्मा आहे त्यांचा. रंकाळ्यावर सकाळी साडेअकराला त्या काचा कोळसा झाल्या. जिच्यासाठी एवढा घाट घातला, ती बाई तुझ्या फोटोत वेषांतर केलेल्या गुप्तहेरासारखी बसली आहे. तुला दिसलं नाही म्हणतोस? खोटं. बावीस नंबरच्या फोटोत तू त्यांच्या चेहऱ्याशी गेलास, तेवीसमध्ये आणखी जवळ, चोवीसमध्ये एकदम लांब. म्हणजे कळलं होतं. मग तोंड का उघडलं नाहीस? "आजी, दुसरा साधा चष्मा आहे का घरी?" हे आदल्या दिवशी फोनवर विचारायला काय पैसे पडतात?

"त्यांना कसं सांगायचं, सर, मोठ्या आहेत त्या."

अच्छा. मोठ्या आहेत. काका खिशात मोबाइल कोंबून उभे राहिले, खिसा पोटलीसारखा फुगला, तेही मोठे. सूनबाईंचा पदर खुर्चीत अडकला, त्या अनोळखी. धाकटा जावई मामेसासऱ्यांच्या डोक्यामागं अर्धा लपला, तो नवा. सगळ्यांचा मान राखलास तू. फक्त फोटो राहिला.

वर मला मेसेज पाठवतोस, "मला कँडिड जास्त आवडतं." कँडिड म्हणे! लेका, कँडिड काढणाऱ्याला माणसं काय करणार ते आधी कळतं. तो तिथं आधीच जाऊन उभा असतो. तुला अकरा माणसांसमोर आवाज चढवायची लाज वाटते आणि त्या लाजेला तू शैली म्हणतोस. कॉलेजच्या गॅदरिंगला माईक हातात आला की सोडत नव्हतास, मी बघितलंय. घसा आहे तुला. लोकांना उभं कर, बसव, "काका, अर्धं पाऊल डावीकडं" म्हण, हसव, थोडं रागाव. फोटोग्राफरनं सांगितलेलं लोक ऐकतात. खरं तर कुणीतरी सांगावं म्हणून वाटच बघत असतात, हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नसतं.

आता वेळ. साडेअकरा ही काय वेळ झाली? "त्यांना तीच जमत होती." तू दुसरी सुचवलीस का? नाही. ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली मिशी काढल्यासारखी सावली. पोरं भुकेली, धाकटीनं भोकाड पसरलेलं. मग तुला सावली आठवली आणि सगळ्यांना झाडाखाली नेलंस. ते झाड विरळ. पानांतून कवडसे पडतात, कुणाच्या कपाळावर, कुणाच्या अर्ध्या गालावर. अख्खं कुटुंब चित्त्यासारखं ठिपकेदार झालं. अखंड सावली शोधायची असते, इमारतीची, भिंतीची, दाट झाडाच्या कडेची, हे मी तुला दोन वर्षांत किती वेळा सांगितलंय? तू ते वहीत लिहूनही घेतलंयस. वही छान आहे तुझी. फोटो वहीतून निघत असते तर आज माझ्यासमोर बसला नसतास.

तुझ्या घरापासून रंकाळा दहा मिनिटांवर. आदल्या दिवशी जाऊन ऊन कुठून येतं ते बघून यायला काय झालं होतं? आळशाला गंगा दूर, तुला रंकाळा दूर. गेला असतास तर दिसलं असतं, की चौपाटीवर संध्याकाळी तळ्याकडं पाठ केली की ऊन मागून येतं आणि केसांना कड लागते. उजेडाची मोजणी चेहऱ्यावर ठेवायची. मागचं पाणी पांढरं पडलं तर पडू दे, पाण्याला कुणी ओळखत नाही. आजींना एकट्यांना घेताना समोरून पांढरा थर्माकोल धरायचा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, पण रिफ्लेक्टर म्हणून तो मिरवता येत नाही ना, ही तुझी अडचण.

लेन्सवर तर काय बोलू. आजी-आजोबा खुर्चीत, नात मांडीवर, मागं लेक आणि जावई. चार मीटरवरून, पन्नासची लेन्स, अॅपर्चर १.८. का? मागचं धूसर होतं आणि धूसर म्हणजे भारी. तुझ्या त्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तेवढ्या अंतरावरून १.८ ला जेमतेम दीड फूट खोली स्पष्ट येते. तू नेम धरलास मांडीवरच्या नातीवर, त्यातलाही निम्मा दीड फूट तिच्या पुढं वाया. मागचा जावई धुक्यात गेला. ५.६ वर तीच खोली पाच फूट झाली असती. हे गणित तुला येत नाही? गेल्या दिवाळीत याच टेबलावर मला तूच करून दाखवलंयस, बरोबर करून.

मग घाबरून ८ वर गेलास. ठीक. पण आयएसओ १०० चा १००. शटर उतरलं १/६० वर आणि धावत आलेल्या नातवाला चार हात फुटले. आयएसओ १०० म्हणजे काय सोवळं आहे, ४०० ला शिवलं की विटाळ होतो? ४०० केला असतास तर शटर १/२५० वर आलं असतं, पोरगं जिथल्या तिथं थांबलं असतं. सगळे अकरा एकत्र, तो फोटो तर १८ मिलीमीटरवर काढलास, अगदी जवळ जाऊन. कडेच्या काकू आडव्या ताणल्या गेल्या. त्या आयुष्यात पुन्हा तुला बोलावणार नाहीत. "मागं सरायला जागा नव्हती" म्हणालास. रंकाळ्यावर जागा नव्हती!

आणि सहाशे चाळीस कशाला? १२० चा रोल घातला की आम्हाला चौकोनी बारा फोटो मिळायचे. बारा. म्हणून खटका दाबायच्या आधी बघायचो. तू दाबून झाल्यावरही बघत नाहीस. मागच्या पडद्यावर बोटाएवढा फोटो बघून "झकास" म्हणालास. मोठा करून डोळे तपासलेस? एकदा तरी? तपासले असतेस तर बाराव्या फोटोला कळलं असतं. थोरल्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, तोही दिसला असता. फोटोशॉपमध्ये काढू म्हणतोस. दोन पावलं डावीकडं सरकायला एक सेकंद लागतो, खांब पुसायला पाऊण तास. हिशेब येतो ना तुला? कॉमर्स झालंय तुझं.

"माझ्याकडं चांगली लेन्स असती तर" हे वाक्य तू पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. तेही या गावात. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सोबत्यांना घेऊन लेथवर भाग घडवले आणि चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला, १९१८ च्या सुमारास. त्यावर पुढं 'सैरंध्री' चित्रित केला. तुझ्या हातात तयार कॅमेरा आहे, दोन लेन्स आहेत, खिशात मोबाइल. आणि तू हप्त्यावर ८५ ची लेन्स घ्यायची म्हणतोस. घे. तिच्यातूनही आजींचे डोळे काळ्या काचांमागंच राहतील.

डोळा नाही तुला असं मी म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी होती. तुझा तो एक फोटो, दोनशे अकरा नंबरचा. नात आजोबांच्या कानात काहीतरी सांगतेय आणि आजोबांनी हसू दाबलंय. तो मी बाजूला काढून ठेवलाय. असा फोटो मला पंचवीस वर्षांत मोजक्या वेळा मिळाला. ज्याला हे दिसतं, त्यानं अकरा माणसांना नीट उभं करू नये याचा राग येतो मला. जमत नसतं तर मी तुला चहा पाजून घरी पाठवला असता.

असो. त्या घरी मी सकाळी फोन केला. भली माणसं आहेत, पैशाचा विषयही काढला नाही. ताई बुधवारी विमानात बसणार. तेव्हा मंगळवार. आता डिसेंबर आहे, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तू चारला चौपाटीवर, ते लोक पावणेपाचला येतील, पोरं खाऊन येतील, तसं सांगितलंय. मी येणार नाही. बॅटरी आज रात्रीच चार्ज कर. आजींचा जुना साधा चष्मा कपाटात आहे, सूनबाई काढून ठेवणार आहेत. तो त्यांनी घातलाय का, हे तू तोंड उघडून विचारायचं.