अनारशाला किती मिनिटं लागतात?

दिवाळीच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. एरवी ती आधी तब्येत विचारते, मग जेवण. या वेळी थेट मुद्द्यावर आली. "अरे, माझे अनारसे तीस मिनिटांत होतात असं तू कुठे लिहून ठेवलंयस?"

लिहिलं होतं मी. तिच्या ब्लॉगवर दिसेल असं नाही, त्या पानाच्या कोडमध्ये.

वेबवरच्या प्रत्येक पानाला दोन वाचक असतात. एक आपण, दुसरं सर्च इंजिन. त्या दुसऱ्या वाचकाला अंदाज लावत बसावं लागू नये म्हणून कोडमध्ये एक वेगळा तुकडा घालतात: ही पाककृती आहे, हे तिचं नाव, हा फोटो, ही लेखिका, इतका वेळ. याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. रकान्यांची नावं काय असावीत हे ठरवणारी स्कीमा डॉट ऑर्ग ही शब्दसूची गूगल, बिंग आणि याहूने मिळून २०११मध्ये सुरू केली. लग्नाच्या बायोडेटासारखंच आहे हे. माणूस कसाही असो, उंची, शिक्षण, पगार हे रकाने ठरलेले. तुकडा नीट भरला की सर्चमध्ये नुसत्या निळ्या ओळीऐवजी फोटो, वेळ, तारे असं दिसू शकतं. क्रमांक वर जाईलच असं नाही, पण स्क्रोल करणारा अंगठा थांबतो.

तुकडा तपासायला गूगलचं टूल आहे. मावशीचं पान त्यात टाकलं तर इशारे आले: वेळ नाही, रेटिंग नाही. हे रकाने ऐच्छिक आहेत, तसं तिथंच लिहिलेलं असतं. पण वॉर्निंग दिसली की ती घालवायची, ही माझी नोकरीतली सवय. तळायला अर्धा तास धरला, 'पीटी३०एम' असं त्याच्या भाषेत लिहिलं, इशारा गेला. मी खूश. त्या टूलला फक्त व्याकरण कळतं. तीस मिनिटं लिहा नाहीतर तीन सेकंद, लिहिण्याची पद्धत बरोबर असली की झालं.

बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका मुलीने सर्चमध्ये ती तीस मिनिटं पाहिली, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तांदूळ काढले आणि मग पान उघडून वाचलं. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सुकवून दळा, गूळ घालून पीठ मुरू द्या. तिने मावशीला मेल केली. रागाची नव्हती. "काकू, तुमचं सगळं खरं असतं असं वाटलं होतं", एवढंच.

मी मनात बचाव तयार केला. मी कुठे माणसाशी खोटं बोललो? मी मशीनसाठी लिहिलं, आणि मशीन काही फसत नाही. हा बचाव दोन मिनिटंही टिकला नाही. मशीन पोस्टमन होतं. पत्र त्या मुलीलाच पोहोचलं, वर मावशीच्या नावाने. तिची सही मी केली आणि तिला विचारलंही नाही.

दुसरा बचाव जास्त चिवट आहे: मुद्दाम केलं नाही. खरंच नव्हतं केलं. पण हॅरी फ्रँकफर्ट या तत्त्वज्ञाने खोटं आणि बुलशिट यांत जो फरक केलाय, तो इथे मला नको तितका लागू पडतो. खोटं बोलणाऱ्याला सत्य ठाऊक असल्याचं वाटत असतं, कारण ते लपवायचं असतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपलं म्हणणं खरं की खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं. मला अनारशाचा वेळ लपवायचा नव्हता. मला रकाना भरायचा होता.

शाळेपासून आपल्याला हेच शिकवलंय ना, की पेपर कोरा सोडायचा नाही, काहीतरी लिहा?

रेटिंगचा रकाना मात्र मी रिकामा ठेवला होता. तिथे माझा हात थांबला, कारण ४.८ लिहिणं म्हणजे लबाडी हे सरळ दिसत होतं. लोकांचे हात थांबत नाहीत. आपल्याच साइटवर आपल्याच धंद्याला तारे लावण्याचा प्रकार चालायचा, म्हणून २०१९मध्ये गूगलने तसे तारे दाखवणं बंद केलं. उघड लबाडीसाठी निदान नियम तरी करता येतो. माझ्या तीस मिनिटांना कुठला नियम पकडणार?

आणि रिकाम्या रकान्याची किंमत मावशी मोजते, मी नाही. निवृत्तीनंतर आज किती जणांनी वाचलं हे ती रोज सकाळी चहाबरोबर बघते. शेजारच्या निकालात वेळ आहे, तारे आहेत, आणि तिच्याकडे नुसता फोटो. प्रामाणिकपणासाठी तिचे वाचक कमी करायचा हक्क मला कोणी दिला, हाही प्रश्न आहेच.

म्हणून या वेळी तिलाच विचारलं. "मावशी, एकूण वेळ किती लिहू? दिवसांतही लिहिता येतो."

"तांदळाचे तीन. पीठ मुरायला पाच धर. थंडी असेल तर सात. आणि तांदूळ नवा असला तर काही सांगता येत नाही." मग थांबून म्हणाली, "हवा कशी आहे ते लिहायला जागा नाही का रे?"

"नाही."

"मग राहू दे ते रिकामं."

मी ती ओळ काढून टाकली. इशारा परत आला.