पोत्यातले पोरकिडे आणि पापाचा हिशेब

आषाढात भरून ठेवलेले कोंबडीखाद्याचे पोते भाद्रपदात उघडले की तोंडाशीच जाळी दिसते. हात आत घातला तर भरडा कोमट लागतो आणि बोटांवरून बारीक तांबूस किडे सैरावैरा पळतात. हे पोरकिडे. सोंडकिड्याला अंडी घालायला अख्खा दाणा हवा असतो. पोरकिड्याला मका आणि सोयाबीन पेंडीचा तयार भरडाच मानवतो. उबदार हवेत अंड्यापासून पुरा किडा व्हायला त्याला साधारण महिना पुरतो आणि एक मादी शेकड्यांनी अंडी घालते.

कोंबड्यांपुढे ओतले तर त्या किडे आनंदाने टिपतात. पण कीड वाढली की खाद्य तापते, ओल धरते, बुरशी चढते, आणि बुरशीचे अफ्लाटॉक्सिन कोंबडीच्या यकृतावर जाते. म्हणजे काहीतरी करणे भाग असते. मारायचे का, आणि मारले तर पाप कोणाच्या खाती?

जिथे कोंबडीचीच मान कापली जाते, तिथे किड्याची कसली दया, असे कोणीही विचारील. पण परसात अंड्यांसाठी चार कोंबड्या पाळणाऱ्या घरातही हेच पोते असते, आणि धान्याच्या पेठेत पोती विकणारा अनेकदा जैन असतो. जैन शास्त्र अशा किड्यांना त्रींद्रिय जीव मानते. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि तिला अनुमोदन देणे, या तिन्हींचा दोष ते सांगते. त्यामुळे ‘मी कुठे मारले, कोंबडीने खाल्ले’ ही सोयीची पळवाट तिथे बंद होते.

या विचाराचे दुसरे टोक सुरतेत दिसले होते. अलेक्झांडर बर्न्सने १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात तिथल्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन आहे. त्यात सुमारे २५ फूट लांबीची एक इमारत खास किड्यांसाठी होती. तिच्या फळ्यांच्या जमिनीखाली व्यापारी धान्य टाकत आणि त्यावर किड्यांची अफाट प्रजा पोसली जाई. बर्न्सला तो भाबडेपणा वाटला. टाकणाऱ्यांना तो धर्म वाटत होता.

वैदिक परंपरेने वेगळा हिशेब मांडला. मनुस्मृती चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने म्हणते, आणि त्यांच्या प्रायश्चित्तासाठी पंचमहायज्ञ सांगते. त्यात कुत्रे, कावळे, कृमी यांनाही घास काढायचा असतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध तर आणखी पुढे जातो. मांस विकणारा हा माणूस कौशिक ब्राह्मणाला सुनावतो, की नांगराखालीही असंख्य जीव मरतात आणि भाताच्या दाण्यातही जीव असतो. निर्दोष जेवण त्याच्या लेखी कोणाच्याच ताटात नाही.

बौद्ध कथेत भर हेतूवर आहे. आंधळा भिक्खू चक्खुपाल चालताना त्याच्या पायाखाली किडे चिरडले, पण मारण्याचा हेतू नव्हता म्हणून बुद्धाने त्याला निर्दोष ठरवले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ च्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला.

गरज म्हणावी, तर ती बरीचशी माणूस स्वतःच तयार करतो. पोती भिंतीला चिकटवून ओल्या जमिनीवर रचली, स्वस्त मिळाले म्हणून चार महिन्यांचे खाद्य एकदम भरले, जुन्या भरड्यावरच नवा ओतला, की किड्यांना निमंत्रणच जाते. ओलावा १२ टक्क्यांच्या आत, पोत्यांखाली फळ्या, रिकामे पिंप घासूनपुसून कोरडे, खाद्य पंधरवड्यापुरतेच: एवढ्याने मारण्याची वेळ क्वचितच येते. जैन आचारात या सावधपणाला यतना म्हणतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरायच्याच नसतात. त्यांच्या वायूने माणसेही दगावतात.

आता हवाबंद पिशव्या आल्या आहेत. आतले किडे श्वास घेता घेता प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. तोंड बांधणाऱ्याला हे ठाऊक असते, त्यामुळे चक्खुपालाची सूट त्याला मागता येत नाही. शेतातूनच दाण्यात अंडी घेऊन आलेल्या मक्याबाबत त्याचा नाइलाज मान्य करावा लागेल. चार महिने पडून राहिलेल्या भरड्याबाबत मात्र त्याला गरजेचे कारण पुढे करता येणार नाही.