दरीतील पाहुणा आणि त्याचा धर्म

माणूस डोंगरदऱ्यांत पायी हिंडायला, पशुपक्षी पाहायला जातो, तेव्हा त्या दरीशी त्याचे नाते कोणते असते? वरवर पाहता हा प्रश्न फारसा गंभीर वाटत नाही. कचरा टाकू नये, आरडाओरडा करू नये, फुले तोडू नयेत, एवढे सांगितले की आपण सुटलो असे आपल्याला वाटते. परंतु हे शिष्टाचार झाले. शिष्टाचार पाळूनही माणूस दुसऱ्याच्या घरात मालकासारखा वावरू शकतो. नीतीचा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. ज्या शांततेचा लाभ घ्यायला आपण एवढ्या दूर आलो, ती मुळात कोणाची आणि ती आपल्याला कोणी दिली?

हा प्रश्न आपल्या बडोदेकरांना आज पूर्वीपेक्षा अधिक जवळचा आहे. एके काळी पावागड आणि चांदोद एवढीच आपल्या घरांतील यात्रेची आणि सहलीची ठिकाणे होती. आता जांबुघोडा, रतनमहाल, केवडिया, झरवाणीचा धबधबा ही नावे घराघरांत झाली आहेत. ज्यांची मुले इंग्लंड-स्कॉटलंडकडे स्थायिक आहेत, ते तिकडच्या दऱ्याही पाहून येतात. परत आल्यावर वर्णन करताना ‘निसर्गरम्य’ आणि ‘निर्जन’ ही दोन विशेषणे बहुधा जोडीनेच येतात. त्यांतले दुसरे विशेषण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

उत्तर स्कॉटलंडचेच उदाहरण घ्या. तेथील डोंगराळ भागात मैलोन् मैल वस्ती नाही. गवताळ उतार, मधून वाहणारी नदी, दूर दिसणारी हरणे, आणि वर आकाश. पाहणाऱ्याला वाटते, ही सृष्टी अनादि काळापासून अशीच असली पाहिजे. वास्तविक ही निर्जनता अवघ्या दोनशे-अडीचशे वर्षांची आहे. जमीनदारांना मेंढपाळीत अधिक उत्पन्न दिसू लागले आणि पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या कुळांना हुसकावून लावण्यात आले. सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हर नावाची दरी १८१४ आणि १८१९ या वर्षांत अशीच रिकामी केली गेली. पुन्हा येऊन राहू नयेत म्हणून घरांची छपरे जाळण्यात आली. कोणी किनाऱ्याला गेले, कोणी समुद्रापार कॅनडात. पुढे मेंढ्यांचा धंदा बसला आणि धनिकांच्या शिकारीसाठी तीच राने हरणांना राखली गेली. हरणांची संख्या इतकी वाढली की आजही अनेक ठिकाणी झाडाचे नवे रोप कुंपणाशिवाय वर येत नाही. म्हणजे ज्या उघड्या उतारांना आपण निसर्गाचे मूळ रूप समजतो, त्यांत माणसाच्या हिशेबाचा वाटा मोठा आहे. रोझल गावाच्या दगडी पायांचे अवशेष त्या दरीत आजही पाहायला मिळतात.

आपल्याकडे ही निर्जनता पुष्कळदा कागदावर तयार होते. राज्य सरकारच्या नोकरीत असताना जमिनीचे उतारे वर्षानुवर्षे माझ्या नजरेखालून गेले. त्यांत ‘पोटखराबा’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ लागवडीस अयोग्य जमीन. त्या खराब्यात गुरे चरतात, मोह वेचला जातो, टेंभुर्णीची पाने तोडली जातात, सरपण मिळते, एखाद्या देवाचे ठाणेही असते. दप्तराला त्यातले काही दिसत नाही, कारण तेथे पीक नाही आणि आकारणी नाही. दप्तरात जे नसते ते हळूहळू नजरेतूनही जाते. सहलीला गेलेल्या माणसाची नजर बऱ्याच अंशी अशीच असते.

आता आपल्या उंबरठ्यावरचे शूलपाणेश्वर पाहू. डुमखलच्या परिसरात १९८२ मध्ये अस्वलांसाठी अभयारण्य जाहीर झाले. पुढे त्याचा विस्तार होऊन सुमारे ६०७ चौरस किलोमीटरचे शूलपाणेश्वर अभयारण्य झाले. साग, बांबू, मोह यांचे हे रान अस्वल, बिबट्या, चौशिंगा आणि उडणारी खार यांचे घर आहे. परंतु त्याच रानात वसावा, तडवी, भिल यांची शंभरच्या आसपास गावे आहेत. ज्या शूलपाणेश्वराच्या नावाने हे रान ओळखले जाते, त्याचे जुने देऊळ महाराष्ट्रातील मणिबेलीजवळ होते. ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले आणि नवे देऊळ केवडियाजवळ गोरा येथे उभारले गेले. मणिबेली हेही बुडिताच्या झळा प्रथम सोसणाऱ्या गावांपैकी एक. त्याही आधी, १९६१ मध्ये धरणाची कोनशिला बसली तेव्हा, केवडिया आणि शेजारच्या गावांच्या जमिनी प्रकल्पाच्या वसाहतीसाठी गेल्या होत्या. २०१८ मध्ये १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाल्यावर याच भूमीवर पर्यटनाचे नगर उभे राहिले. पुढे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या संदर्भात परिसरातील १२१ गावांच्या जमीन दप्तरात २०२० साली नोंदी पडू लागल्या, तेव्हा लोकांनी तीव्र विरोध केला आणि अखेर त्या नोंदी रद्द करण्याचा निर्णय झाला.

हे सारे सांगण्याचा हेतू धरण हवे होते की नको, हा वाद पुन्हा उकरण्याचा नाही. बडोद्यात आपण नर्मदेचे पाणी पितो आणि कच्छपर्यंत पोहोचलेल्या त्या पाण्याचे मोल आपण जाणतो. माझा मुद्दा मर्यादित आहे. पाणी ही गरज होती, म्हणून तेथे त्यागाची भाषा वापरली गेली. परंतु आपली सहल ही गरज नव्हे, ती हौस आहे. हौसेसाठी दुसऱ्याकडे त्याग मागता येत नाही. तेथे केवळ पाहुणचार मागता येतो.

मग पाहुणचाराचे लक्षण कोणते? माझ्या मते एकच. यजमानाला ‘आज नको’ म्हणता आले पाहिजे. ज्या घराला दार लावून घेण्याची मुभा नाही, तेथे कितीही आदराने शिरलो तरी आपण पाहुणे ठरत नाही. अतिथीला देव मानण्याची शिकवण आपण यजमानाला पिढ्यान् पिढ्या दिली. अतिथीचाही काही धर्म असतो, याची चर्चा मात्र त्या मानाने फार थोडी झाली.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, वन्य प्राण्यांना निर्मनुष्य जागा लागतेच. हे खरे आहे. मोहाचा बहर येतो त्या दिवसांत पहाटे फुले वेचायला बाई जाते आणि त्याच झाडाखाली अस्वलही येते. अस्वलाच्या हल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्या माणसाला सहजीवनाचे काव्य सांगणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु कायद्यानेही या ठिकाणी विवेक केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क संपुष्टात येतात, अभयारण्यात मात्र काही हक्क चालू ठेवता येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने याच्या पुढे जाऊन असे ठरवले की, प्राण्यांसाठी एखादे क्षेत्र पूर्ण मोकळे करायचे असेल तर ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती घेतली पाहिजे. म्हणजे प्राण्यांसाठी जागा सोडण्याला विरोध नाही, विचारल्यावाचून सोडवून घेण्याला आहे. शिवाय माणूस बाहेर काढून मोकळ्या झालेल्या रानात जर आपल्या गाड्यांची रांग लागणार असेल, तर ते रान प्राण्यांसाठी मोकळे केले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पर्यटनाने तेथील तरुणांना काम मिळते, हेही खरे आहे आणि त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मला नाही. तथापि रोजगार आणि अधिकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या अंगणात पगारी चौकीदार म्हणून नेमणूक झाली, तर पगार हाती येतो, परंतु कोणाला आत घ्यावे हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याकडे जातो.

अतिथीच्या धर्माचा विचार आपल्या परंपरेत अगदीच झाला नाही असे मात्र नाही. त्याचा एक नमुना याच खोऱ्यात आहे, तो म्हणजे नर्मदा परिक्रमा. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे मराठी वाचकाला ती जिव्हाळ्याची झाली. परिक्रमावासी नदी ओलांडत नाही, संग्रह करीत नाही, मिळेल त्या अन्नावर चालत राहतो. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी भिल त्याला लुटीत, अंगावरची वस्त्रेही काढून घेत, आणि तरीही परिक्रमावासी त्यांना ‘मामा’ म्हणत. या लुटीचे उदात्तीकरण करू नये. तिच्यामागे दारिद्र्य होते आणि लुटल्या गेलेल्या माणसाला थंडी वाजतच असे. परंतु त्या ‘मामा’ शब्दात एक कबुली आहे. या झाडीत चालते ते यांचे, माझे नव्हे, हे चालणाऱ्याने मान्य केलेले असते. आपण आज तिकीट काढून जातो तेव्हा ही कबुली द्यावी लागत नाही. तिकिटाने वाट खुली होते, पण नाते मामाचे राहत नाही, नोकराचे होते.

स्कॉटलंडने या बाबतीत अलीकडे एक वेगळी वाट काढली. तेथे २००३ मध्ये झालेल्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक सर्व जमिनीवरून आणि पाण्यावरून हिंडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. जमीनदाराला आता वाट अडवता येत नाही. मात्र या हक्काला दोन बंधने आहेत. तो जबाबदारीने वापरला पाहिजे, आणि राहत्या घराभोवतीची खासगी जागा त्यातून वगळली आहे. मला यात मोठा अर्थ दिसतो. धनिकाची मालकी चालणाऱ्याला अडवू शकत नाही, परंतु राहणाऱ्याचे घर अडवू शकते. आपल्याकडे प्रश्न एवढाच उरतो की, वनात राहणाऱ्याचे घर कोठवर पसरलेले आहे? भिंतीपर्यंत, की मोहाच्या झाडापर्यंत, की देवाच्या ठाण्यापर्यंत? याचे उत्तर नकाशा पाहून देता येणार नाही. ते तेथे राहणाऱ्यालाच विचारावे लागेल.

आपण बडोद्याच्या मराठी मंडळींनी हा विचार करण्याला आणखी एक कारण आहे. बडोदे कायमचे हाती येण्याआधी गायकवाडांचे ठाणे सोनगडला होते, आणि तो मुलूख भिलांचा. आपले पूर्वज या भूमीत शस्त्र घेऊन, पुढे लेखणी घेऊन आले. पावणेतीनशेहून अधिक वर्षे येथे राहून, येथली भाषा बोलूनही, शेजारी आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणत आले. त्यात राग धरण्यासारखे काही नाही. परंतु बाहेरून आलेल्याने घरचे होणे म्हणजे काय, त्याला किती पिढ्या लागतात आणि ते यजमानाच्या मनावर किती अवलंबून असते, हे आपल्याइतके क्वचितच कोणी जाणत असेल. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांनी दोन दिवसांच्या मुक्कामात दरी आपली मानू नये.

हाच न्याय प्राण्यांनाही लागू आहे. अस्वल दिसले नाही म्हणून वाटाड्यावर चिडणारे, रात्री झाडीत प्रखर दिवे टाकायला लावणारे पाहुणे आपण पाहतो. न दिसणे हा प्राण्याचा नकार आहे. त्याच्यापाशी तेवढा एकच नकार आहे आणि तोही आपण मोडून काढू पाहतो.

तेव्हा जाऊ नये काय? अवश्य जावे. पायी चालण्याने माणूस नम्र होतो आणि रान पाहिले नाही तर ते राखावेसेही वाटत नाही. परंतु जाताना ज्या गावाच्या शिवेतून वाट जाते त्या गावाचे नाव ठाऊक असावे. वाटाड्या त्याच गावचा असावा आणि पुढची वाट कोठे थांबते ते त्याने ठरवावे. मोह वेचण्याच्या दिवसांत, सणाच्या दिवशी, देवाच्या ठाण्याशी, गावाने नको म्हटले तर मुकाट्याने परत फिरावे. त्या दिवशी धबधबा पाहायचा राहील. तसे परत फिरणारी माणसे आपल्यात वाढली, तर पुढच्या खेपेस त्या दरीत आपल्याला बोलावणे येण्याची शक्यता आहे.